मटार काढा, दोडका लावा: गच्चीवरच्या बागेचा हिवाळा ते उन्हाळा

उन्हाळी भाज्या उन्हाळा लागल्यावर लावायच्या असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच सगळं गणित फिसकटतं. एप्रिलमध्ये नर्सरीतून दोडक्याचं पाकीट आणायचं, चाळीस डिग्रीत बी टोकायचं, इवलीशी रोपं करपली की "आमच्या गच्चीवर काही येतच नाही बुवा" म्हणून मोकळं व्हायचं. खरं तर उन्हाळी भाजी थंडी सरता सरताच लावायची असते, म्हणजे ऊन तापेपर्यंत मुळं खाली गेलेली असतात, वेल मांडवावर चढलेला असतो आणि बुडाशी त्याच्याच पानांची सावली पडलेली असते. मे महिन्याचं ऊन भरलेल्या वेलाला झेपतं, दोन पानांच्या रोपाला नाही झेपत.

मी पुण्याच्या हिशोबाने लिहितेय, गच्ची आणि ग्रो बॅग (झाडं लावायच्या पिशव्या) धरून. अंगणात वाफे असतील त्यांनाही बहुतेक सगळं लागू आहे, फक्त जमिनीतल्या झाडाला पाणी जरा कमी वेळा लागतं.

कधी सुरू करायचं

पुणे, सातारा, सांगली या पट्ट्यात फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा हा खरा टाइम. नाशिकला रात्री गार असतात, तिथे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबलं तरी चालतं. मुंबई-ठाणे आणि कोकणात थंडी अशी नसतेच, त्यामुळे मकर संक्रांत झाली की लागा कामाला. सगळ्यात घाई विदर्भवाल्यांनी करायची, कारण नागपूर, अकोला, चंद्रपूर इकडे मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो आणि तेव्हा फुलं टिकत नाहीत, म्हणजे जानेवारी अखेर ते फार तर 15 फेब्रुवारी, आणि रात्री अजून थंड असतील तर बी घरात मोड आणून मगच बाहेर लावायचं. आपल्याकडे म्हणतातच, होळी जळाली थंडी पळाली. तर होळीच्या आधी सगळं बी मातीत पडलेलं असलं पाहिजे, एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

उलटं मोजून बघा. भेंडी आणि काकडी पेरल्यापासून साधारण 45 ते 50 दिवसांत तोडायला येते, चवळी-गवार 50 ते 60, दोडका-कारलं 55 ते 60, दुधी दोन महिन्यांच्या जरा पुढे. फेब्रुवारीच्या मध्यावर पेरलं तर एप्रिलभर काढणी आणि मेच्या मध्यापर्यंत अजून थोडं. एप्रिलमध्ये पेरलं तर नेमकी फुलं यायच्या वेळेला आग ओकणारं ऊन.

हिवाळी भाज्यांपैकी कोण जाणार, कोण राहणार

हा सगळ्यात अवघड भाग, कारण फेब्रुवारीत बाग दिसायला मस्त असते आणि झाड उपटायला हात धजत नाही. पण पंधरा दिवस अजून बघू, अजून बघू करत मार्च संपतो. म्हणून एकदम सगळं न काढता कुंडी-कुंडीने निर्णय घ्यायचा.

मटार पहिला काढायचा. शेंगा संपत आल्या, पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसायला लागली की त्यात काही राम नाही. पण मटार उपटू नका हं, बुडाशी कात्रीने कापा आणि मुळं मातीतच राहू द्या, त्यांच्यावरच्या गाठी कुजल्या की पुढच्या झाडाला नत्र मिळतं. त्याच बॅगेत भेंडी लावा, छान येते.

कोबी-फ्लॉवरचा गड्डा काढून घेतला की बुंधा ठेवून काही फायदा नाही. गरम व्हायला लागलं की त्या पानांवर मावा जमतो आणि तिथून शेजारच्या मिरचीवर जातो. गड्डा अजून धरलेलाच नसेल तर आता धरेल ही आशाही सोडा, कोवळी पानं भाजीत घाला आणि जागा मोकळी करा. नवलकोल ऊन वाढलं की दोऱ्या दोऱ्यांचा लाकडासारखा होतो, त्यामुळे छोटा असला तरी काढून खा. गाजराचंही तेच.

मेथी, पालक, कोथिंबीर यांचा मधून दांडा फुटून फुलावर आलं की पानं कडवट होतात. कोथिंबिरीची दोन-चार झाडं मात्र फुलायला ठेवा, एकतर मधमाश्या येतात आणि त्या तुम्हाला काकडी-कारल्यासाठी हव्याच आहेत, दुसरं म्हणजे घरचे धणे मिळतात. मुळ्याचंही एखादं झाड ठेवा, त्याच्या कोवळ्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या, त्यांची भाजी बाजारात सहज मिळत नाही आणि माझ्या मते मुळ्यापेक्षा तीच भारी लागते.

लसणाची पात पिवळी पडून लवायला लागली की पाणी बंद करा, आठ-दहा दिवसांनी काढून सावलीत सुकवा. टोमॅटो ही एकच अशी गोष्ट आहे जिला मी एप्रिलपर्यंत मुदत देते. दिवसाचं तापमान 35 च्या वर आणि रात्रीही उकडायला लागलं की टोमॅटोची फुलं गळतात, नवीन फळ धरत नाही, पण आधी धरलेली फळं पिकतात. त्यामुळे शेंडे खुडा, खालची पिवळी पानं काढा, आहे ते पिकू द्या. शेवटी उरतील त्या हिरव्या टोमॅटोची तिळकूट घालून चटणी. वांगी आणि मिरची ठेवायचीच, हलकी छाटणी करून खत दिलं की ती उन्हाळ्यात परत फुटतात.

माती: नुसतं वरून खत टाकून भागत नाही

हिवाळाभर खाऊन माती दमलेली असते आणि बसलेलीही असते. बॅग मोठ्या प्लास्टिकवर उलटी करा, जाड मुळं आणि पांढऱ्या गुबगुबीत हुमणीच्या अळ्या वेचून काढा, माती पातळ पसरून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, दिवसातून एकदा खालीवर करा. मटाराची मुळं ठेवायला सांगितली होती, तर ती बॅग उलटी करायची नाही, वरची चार इंच माती मोकळी करून खत मिसळलं तरी चालतं.

बोअरच्या पाण्यावर बाग असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसेल, तो क्षारांचा. उन्हाळ्यात पाणी जास्त देतो म्हणजे क्षारही जास्त साचतात. अशी माती वाळवण्याआधी खालून पाणी निथळेपर्यंत दोनदा भरपूर धुऊन काढा, शक्य असेल तर त्यासाठी कॉर्पोरेशनचं पाणी वापरा.

परत भरताना माझं प्रमाण असं: जुनी माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धा भाग, आणि बारा इंची बॅगेला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन पाण्यातून धुऊन पिळून घ्यायचं, त्यात मीठ असतं. शेणखत ओलं, वास येणारं असेल तर अजिबात नको, ते कुजताना गरम होतं आणि कोवळी मुळं भाजतात, शिवाय हुमणी त्यातूनच येते. बॅग काठोकाठ भरू नका, वर तीन इंच जागा सोडा, आच्छादनाला लागणार आहे.

आणि फेरपालट. टोमॅटोच्या मातीत परत वांगी-मिरची नको, एकाच घराण्यातली असल्यामुळे रोगही तेच. टोमॅटोनंतर चवळी किंवा गवार, कोबीनंतर वेलवर्गीय, मटारनंतर भेंडी. जागा कमी आहे आणि हे जमत नाही तर निदान बॅगांमधली माती आपसात अदलाबदल करा.

मांडव बी टोकायच्या आधी

वेल दोन फुटांचा झाल्यावर बांबू शोधायला निघायचं आणि मग मुळं दुखावत खोचायचं, असं करू नका. आधी मांडव, मग बी. बांबू किंवा जुने पीव्हीसी पाइप, वर नायलॉनची जाळी किंवा काथ्या. सुतळी स्वस्त पडते पण उन्हापावसात कुजते आणि ऐन दुधी लागल्यावर तुटते. लोखंडी तार नको, दुपारी इतकी तापते की तिला धरलेले कोवळे तणावे वाळून जातात.

मांडव कुठे घालायचा याला महत्त्व आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या कठड्याची सावली पडायची ती जागा मार्चपासून हळूहळू उघडी पडत जाते आणि मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. म्हणजे जानेवारीत बघून ठेवलेली सावलीची जागा एप्रिलमध्ये सावलीची राहत नाही. म्हणून मी मांडव आडवा घालते, छतासारखा, सहा-साडेसहा फुटांवर, जरा पश्चिमेकडे झुकता, आणि त्याच्या खाली पालेभाजीचे क्रेट. दोडका वर चढतो, खाली कोथिंबिरीला दुपारची सावली मिळते, आणि फळं सरळ खाली लोंबतात.

बी

भेंडी, गवार, चवळी आणि सगळ्या वेलभाज्या जागेवरच पेरायच्या. यांना मुळं हललेली आवडत नाहीत. रोपं करायचीच असतील तर कागदी कपात करा आणि दोन-तीन पानांवर आली की बूड फाडून कपासकट लावा. मिरची-वांग्याचं मात्र उलटं, त्यांची रोपं व्हायलाच पाच-सहा आठवडे लागतात, त्यामुळे आत्ता बी टाकत बसू नका, नर्सरीतून रोपं आणा.

वाण निवडताना आपल्या विद्यापीठांचे बघा. भेंडीत परभणी क्रांती हा मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाचा, पानं पिवळी पडणाऱ्या केवडा रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो म्हणून नाव कमावलेला, किंवा बंगळूरचा अर्का अनामिका. काकडीत राहुरीची हिमांगी किंवा जुनी पूना खिरा, दापोलीची शीतल कोकणातल्यांना बरी. कारल्यात हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड, दोडक्यात फुले सुचेता, गवारीत पुसा नवबहार, चवळीत पुसा कोमल. संकरित बियाणं उत्पादन जास्त देतं यात वाद नाही, पण बी धरून ठेवायचं असेल तर ही सुधारित वाणंच घ्या. पाकिटावरची तारीख बघा, आणि बी गुलाबी-निळं रंगवलेलं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं, हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका.

कारलं आणि दोडक्याचं कवच जाड असतं, नेलकटरने टोक किंचित उडवून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. भेंडीही रात्रभर. मग ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, किचनमध्ये कुठेतरी उबेला, आपण मटकीला मोड आणतो अगदी तसंच, आणि मोड डोकावला की लावून टाका. फडकं ओलं हवं, त्यातून पाणी गळायला नको, नाहीतर बी कुजतं. चवळी-गवार भिजवायची गरज नाही, चवळी तर चार-पाच दिवसांत बाहेर येते. बी साधारण त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, मोड खालच्या दिशेला, एका ठिकाणी दोन, आणि नंतर त्यातलं अशक्त असेल ते उपटायचं नाही, कापायचं.

कोणत्या बॅगेत काय: दुधीला 18 बाय 18 ची कमीत कमी, आणि एकच वेल. तुम्ही दोन लावाल हे मला माहितेय, पण दोन्ही उपाशी राहतात. दोडका, कारलं, काकडीला 15 बाय 15, भेंडीला 12 बाय 12 मध्ये एक, आणि भेंडीची झाडं सात-आठ तरी हवीत, नाहीतर रोज दोन-दोन भेंड्या फ्रीजमध्ये जमवत बसावं लागतं. चवळी-गवार 15 इंचीत तीन-तीन.

पालेभाज्या

उन्हाळ्यात मेथी-पालकाच्या मागे लागू नका, लाल माठ, तांदुळजा, अंबाडी, राजगिरा यांना ऊन मानवतं. माठ-तांदुळजा 25-30 दिवसांत कापायला येतो, उथळ क्रेट किंवा थर्माकोलच्या खोक्यात बी फेकून पेरा, दर पंधरा दिवसांनी एक क्रेट. बी फार बारीक असतं, मूठभर कोरड्या मातीत मिसळून टाकलं की एकाच ठिकाणी दाटी होत नाही. पुदिना कुठेही येतो, फक्त त्याची कुंडी वेगळी ठेवा.

कोथिंबीर मात्र सगळ्यांना हवी असते, आणि भाव चढतो तोही नेमका याच दिवसांत. धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन डाळी वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, मांडवाखालच्या क्रेटमध्ये पेरा आणि उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट टाका. आठ-दहा दिवस लागतात, रोज सकाळी गोणपाट उचलून बघायचं, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी काढायचं. हिवाळ्यासारखी जुडी येणार नाही, पोह्यांवर भुरभुरण्यापुरती येते.

आच्छादन, पाणी, सावली

रोप वीतभर झालं की बुडाशी तीन इंच आच्छादन, खोडाला चिकटवून नाही, दोन बोटं सोडून. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेची झाडं पानगळ करत असतात, सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना सांगितलं तर पोतंभर वाळकी पानं आनंदाने देतात, कारण नाहीतर त्यांनाच ती उचलायची असतात. उसाचं पाचट उत्तम. रसवंतीवरची चिपाडं आणायची तर आधी धुऊन वाळवा, तशीच टाकली तर मुंग्यांची जत्रा भरते.

पाणी सकाळी आठच्या आत, भरपूर, खालून थेंब येईपर्यंत. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि वरचीच माती सगळ्यात जास्त तापते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघा, ओलं लागलं तर आज नको. एप्रिल-मेमध्ये बॅगांना संध्याकाळीही लागेल. गच्चीवरच्या टाकीचं पाणी पाइपमधून सुरुवातीला चटका बसेल इतकं गरम येतं, ते आधी बादलीत सोडून द्या.

एक गोष्ट घाबरवते ती म्हणजे दुपारी दीड-दोनला दुधी-काकडीची पानं पार मान टाकतात. लगेच पाइप घेऊन धावू नका. संध्याकाळी सहाला बघा, पानं परत उभी राहिली असतील तर झाडाला काही झालेलं नाही, ते फक्त पाणी वाचवत होतं. सकाळीही मान टाकलेलीच असेल तर मात्र पाणी खरंच कमी पडतंय किंवा मुळं सडलीत.

मोठ्या बॅगेत किंवा वाफ्यात मडकं पुरायची जुनी पद्धत मला फार आवडते. साधं, रंग न लावलेलं, झिरपणारं लहान मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतील. मुळं आपोआप त्याच्याकडे जातात. मेमध्ये दोन-तीन दिवस गावाला जायचं असेल तर हाच आधार.

बॅगा थेट स्लॅबवर ठेवू नका, विटांवर किंवा स्टँडवर चढवा, खालून हवा खेळली पाहिजे. काळ्या ग्रो बॅगा किंवा प्लास्टिकच्या काळ्या कुंड्या असतील तर पश्चिमेच्या बाजूला बारदान गुंडाळा. शेडनेट, म्हणजे ऊन अडवणारी जाळी, मार्चच्या शेवटी लावा, त्याआधी नाही, नाहीतर वेल नुसता उंच होतो आणि फुलं येत नाहीत. फळभाज्यांना 35 टक्के ऊन अडवणारी पुरते, पालेभाज्या आणि रोपांना 50 टक्क्यांची. 75 टक्क्यांची दुकानदार गळ्यात मारतो, ती शोभेच्या झाडांसाठी.

खत दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, आच्छादन बाजूला करून, परत झाकून. जीवामृत करत असाल तर दहापट पाण्यात, संध्याकाळी, ओल्या मातीत.

फुलं येतात पण फळ धरत नाही

याचं उत्तर बहुतेक वेळा परागीभवन. सुरुवातीची फुलं सगळी नर असतात, ती गळणारच, काळजी नको. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं. उष्णता जितकी वाढते तितकी नर फुलं जास्त येतात, लवकर पेरायचं हे आणखी एक कारण. वेल पाच-सहा फुटांचा झाला की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडा, तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात, गच्चीवाले याला थ्रीजी कटिंग म्हणतात. दुधी आणि कारल्याला याचा उपयोग होतो, काकडीच्या बऱ्याच संकरित जातींना गरज नसते.

मधमाश्या येत नसतील तर हाताने करा. नर फूल तोडून पाकळ्या मागे करायच्या आणि मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचं. वेळ पाळा: काकडी, कारलं, घोसाळं सकाळी लवकर, पण दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळी नऊला दुधीच्या मिटलेल्या फुलाशी झटापट करून काही होत नाही.

कीड

उन्हाळ्यातला मुख्य त्रास लाल कोळी, पानांच्या मागे बारीक जाळी आणि पान पिवळं-भुरकट. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा, दोन-तीन दिवस सलग, कोरड्या हवेत वाढणारी कीड आहे, निम्मी तिथेच कमी होते. पांढरी माशी भेंडीवर केवडा पसरवते, पिवळे चिकट सापळे लावा, आणि शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की उपटून टाका, ते बरं होत नाही. मावा, पिठ्या ढेकूण यांच्यावर लिटरभर पाण्यात 5 मिली निम तेल आणि थोडं साबणाचं पाणी, ऊन उतरल्यावरच, दुपारी फवारलं तर पानं भाजतात. रोपं कोवळी असताना लाल भुंगेरे चाळणी करतात, त्यांच्यावर सकाळी दवात चुलीची राख.

कारली-दोडके वाकडे होऊन एका बाजूने सडत असतील तर ती फळमाशी. क्यू ल्यूर या आमिषाचा सापळा घ्या, आंब्यासाठी मिळतो तो मिथाइल युजेनॉलचा वेगळा, वेलभाज्यांना तो चालत नाही. चार-पाचच वेल असतील तर कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधली तरी काम होतं. सडकी फळं कंपोस्टमध्ये नको, पिशवीत बंद करून दोन दिवस उन्हात ठेवून फेका.

मार्च-एप्रिलमधला अवकाळी आणि गारा हा वेगळाच ताप. ढग दाटले की शेडनेट ताणून घ्या, पावसानंतर मांडव हलवून पानांवरचं पाणी झटका, आणि पुढचे चार दिवस पानांवर भुरी-डाग बघत राहा.

भेंडी, गवार, काकडी एक दिवसाआड तोडा. एखादी भेंडी जून झालीच तर बियांसाठी ठेवायचं ठरवलेल्या झाडावरच राहू द्या, बाकीच्या झाडांवर जून फळ राहिलं की नवीन फुलं कमी होतात. मेच्या मध्याला भेंडी उंच वाढून फळं लहान यायला लागतात तेव्हा ती गुडघ्याएवढी कापून खत द्या, पहिल्या पावसात परत फुटते. ज्या बॅगा रिकाम्या होतील त्यांत लगेच काही लावू नका, माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकून चार-पाच आठवडे उन्हात तापू द्या, किडी आणि तणाचं बी मरतं. फक्त हळद, आलं आणि अळू यांच्यासाठी दोन-तीन बॅगा आधीच बाजूला ठेवा, त्यांचे कंद अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मातीत गेले पाहिजेत.